रोहिणी लागली, आता निघते

भिंतीवरच्या नकाशावर वेंगुर्ल्यापासून दक्षिणेकडे पट्टी ठेवली की आधी लक्षद्वीप लागतं, त्याच्या तळाशी मिनिकॉय आणि आणखी थोडं खाली कुळुधुफ्फुशी. मालदीवच्या उत्तर टोकाकडचं बेटावरचं छोटं शहर. तिथल्या शाळेत गणित शिकवायला मी पुढच्या बुधवारी निघते आहे.

मालदीव म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाण्यावरच्या झोपड्या येतात. ते रिसॉर्ट वेगळ्या बेटांवर असतात. मी जाते आहे ते माणसांचं गाव आहे. शाळा, इस्पितळ, मशिदी, बाजार आणि 2019 पासून छोटा विमानतळही. तिथल्या बायका पूर्वापार नारळाची सोडणं खारफुटीतल्या चिखलात कुजवून काथ्याचे दोर वळत आल्या. हे वाचलं तेव्हा मला आमच्या खाडीकाठचा वासच आला. विमानतळासाठी त्याच खारफुटीचा मोठा भाग बुजवला, याचं वाईट वाटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण बरेच जण विचारतात. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घेतला. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी वेगळी. माझं मूळ प्रमाणपत्र एका एजंटाने सहा आठवडे अडकवून ठेवलं होतं. त्या दिवसांत मला झोप नव्हती. म्हणून सांगते, मूळ कागद हातातून सोडताना तारखेसह लेखी पोच घ्याच. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. प्लग तिकडे चौकोनी तीन पिनांचे, अडॅप्टर इथूनच घ्या. सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी शाळा भरते.

बॅग भरताना जड गेलं ते एकाच गोष्टीचं. आईने साड्यांच्या घडीत, जुन्या मलमलीच्या फडक्यात गुंडाळून पितळेचा गणपती ठेवला होता. अंगठ्याएवढा. तिच्या आईने तिला लग्नात दिलेला, सोंड पुसून पुसून गुळगुळीत झालेली. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत, कायद्यानेच बंदी आहे. मी तो बाहेर काढला आणि आईला समजावलं. ती काही बोलली नाही. फडकं सोडलं, मूर्ती परत देव्हाऱ्यात ठेवली, आणि मग म्हणाली, "थंय तुझा कोण आसा गो?" फडकं तेवढं तिने घडी करून माझ्या बॅगेत टाकलं. ज्यांच्या देशात राहायचं त्यांचा कायदा पाळायचा, यात मला शंका नाही. तरी त्या रात्री मी आईजवळच झोपले.

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून मी त्यांची धिवेही भाषा शिकायला घेतली. लिपी थाना, उजवीकडून डावीकडे. तिची पहिली नऊ अक्षरं चक्क अरबी आकड्यांवरून आली आहेत, गणिताच्या बाईला याहून काय हवं! आकडे म्हणून पाहिले: एके, दे, तिन्, हतरु, फस्. पाचाचा 'प' तिकडे 'फ' होतो, एवढं ध्यानात आलं की कितीतरी शब्द ओळखीचे वाटतात. आणि त्यांच्याकडे 'ळ' आहे. गावाच्या नावातच आहे. मिनिकॉयची माणसं बोलतात ती महल याच भाषेची बोली.

पण बाबांना धरून ठेवलं ते नक्षत्रांनी. आमच्याकडे भाताच्या रोपांचा तरवा पेरायचा तो रोहिणीवर, मग मृग, आर्द्रा. धिवेही कोळ्यांची जुनी दिनदर्शिकाही तशीच चालते. साधारण तेरा-चौदा दिवसांचं एक 'नकई', आणि त्यांची नावं रोअनु, मियाहेलि, अधा, फुनोस, फुस. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य! तारखा आपल्यापेक्षा चार-पाच दिवस पुढेमागे. कुठल्या नकईत वारा कसा वाहणार, मासा कधी लागणार, हे तिथले म्हातारे यावरूनच सांगत आले. मी वाचून दाखवत गेले आणि बाबांनी पेन्सिल घेऊन कालनिर्णयवर एकेका नक्षत्राशेजारी ती नावं लिहिली.

खाण्यापिण्याची चिंता नाही. मासे आणि नारळ तिथे घरोघरी. पोळीला रोशी म्हणतात. किसलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू घालून कुस्करलेल्या टूनाबरोबर ती सकाळी खातात. बेटाची जमीन प्रवाळाच्या वाळूची, त्यामुळे भाजी, तांदूळ, कांदे-बटाटे बहुतेक बाहेरून येतात. मी मेथीदाणा, मालवणी मसाला आणि आमसुलं घेतली आहेत. सोलकढीला नारळ तिथलाच.

तिकडचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, पण पाऊस दक्षिणेकडून येतो, म्हणजे आमच्या आधी तो माझ्याकडे पोचणार. काल बाबा बियाण्याचं भात उन्हात पसरत होते. हात न थांबवता म्हणाले, "थंय पावस पडलो की फोन कर."