येऊरची पानगळ: ऑक्टोबर ते मार्च

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रायपॉड घेऊन पहिल्यांदा ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेले, तेव्हा डोक्यात थंड देशांतली लाल-पिवळी जंगलं होती. आपल्याकडे त्या दिवसांत शरद असतो, पानगळ नसते. उपवन तलाव मागे टाकून रस्ता वर चढायला लागला की दोन्ही अंगांना हिरवंगच्च. साग पानांनी भरलेला, ऐनाचं झाडही भरलेलं, फक्त गवताचे शेंडे पिवळे पडू लागलेले. दीडेकशे फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर एकाही फोटोत नजर टेकायला जागा नव्हती.

पहिली चूक लेन्सची. समोर डोंगर आणि दरी दिसली की हात आपोआप लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाला, १८ मिलिमीटरवर जातो. तेवढ्या रुंद चौकटीत शंभर फांद्या येतात आणि फांद्यांमधून आभाळाची पांढरी भोकं डोकावतात. नजर सगळ्यात आधी त्या भोकांवरच जाते. नोव्हेंबरभर मी लांबचं जवळ आणणारी ५५-२५० मिलिमीटरची लेन्स लावूनच फिरले. १०० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान उतारावरची तीन-चार खोडं निवडायची आणि आभाळ पूर्ण बाहेर ठेवायचं, एवढंच. त्या महिन्यात दहा-बारा फोटो ठेवण्यासारखे निघाले.

पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायचा चमक कापणारा फिल्टर, तोही तेव्हाच घेतला. निळ्या आभाळासाठी तो वापरतात एवढंच मला माहीत होतं, पण जंगलात त्याचा खरा उपयोग पानांवर होतो. पावसाने किंवा दवाने ओल्या झालेल्या पानांवर जी पांढरट चमक येते, ती फिल्टर फिरवता फिरवता विरते आणि खालचा रंग वर येतो. दीड ते दोन स्टॉप प्रकाश मात्र जातो (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, वर म्हणजे दुप्पट). म्हणून ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, आणि वारा पडायची वाट. पाव सेकंदाच्या शटरला एक पान हललं तरी ते कळतं.

उजेडाचं गणित समजायला डिसेंबर उजाडला. सोनेरी ऊन मिळावं म्हणून मी संध्याकाळी जायचे. पण येऊरचा डोंगर ठाण्याच्या पश्चिमेला आहे. शहराकडच्या उतारांवर सकाळचं ऊन थेट पडतं आणि संध्याकाळी सूर्य डोंगराआड लवकर जातो. सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी हा सगळा भाग सावलीत असतो. आधी मी कॅमेरा आवरून निघायचे. आता त्याच वेळेला पोचते. दुपारी झाडाखालचे कवडसे जळून पांढरे होतात आणि सावल्या काळ्याकुट्ट. ही सावली मात्र सगळीकडे सारखी पसरते, आणि खोडांचा पोत, शेवाळाचा हिरवा, पाचोळ्याचा तपकिरी असं सगळं हिस्टोग्रामच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाच्या, आत मावतं. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) ऑटोवर ठेवला की कॅमेरा आपल्या मनाने रंग सपाट करतो. मी डेलाइटवर ठेवते आणि रॉ (प्रक्रिया न झालेल्या) फाइलमध्ये बघून घेते.

दरीसाठी सकाळ. वरच्या वळणावरून पूर्वेला शहर, त्यामागे पारसिकची रांग. पाऊस संपल्या संपल्या हवा धुतलेली असते, तेव्हा रांग स्वच्छ दिसते. थंडीत गार हवा खाली बसते, वरच्या उबदार थराचं झाकण पडतं आणि धूर-धूळ आत कोंडते. श्वासाला ते वाईटच. पण उगवतीच्या उजेडात त्याच धुरकटपणामुळे डोंगराचे थर एकामागे एक वेगळे होतात. इथे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसवतो: सगळं पांढरट पाहून कॅमेरा फोटो काळवंडून टाकतो. पाऊण ते एक स्टॉप वर घेतल्यावरच डोळ्यांना दिसलं तसं उतरलं.

खरी पानगळ फेब्रुवारीत. सागाची सुपाएवढी पानं पापडासारखी वाजत खाली येतात, आणि ऑक्टोबरात ज्या उतारावर मला काहीच सापडलं नव्हतं तिथे एक कांडोळाचं झाड उभं दिसलं. साल पांढरी, कागदासारखे पापुद्रे सुटलेले, एकही पान नाही. पाच महिने मी त्याच्या समोरून जात होते! आता उलटं गणित: मागचं जंगल काळपट, म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढऱ्या सालीचे तपशील उडून जातात. एक स्टॉप खाली आणल्यावर पापुद्र्यांच्या कडांवरचा गुलाबीसर रंगसुद्धा आला. या मोसमातला माझा सगळ्यात आवडता फोटो हाच.

तो काढत असताना पाड्यावरच्या एक आजी मोळी घेऊन थांबल्या.

“कशाचा फोटू काढतेस गं? पान पण नाय त्याला.”

“आजी, खोडाचाच काढतेय. लाल पानांचं झाड आहे का हो इथे कुठे?”

“शिमगा होऊ दे. मग त्यो कुसुम बघ,” असं म्हणून त्यांनी ओढ्यापलीकडे बोट दाखवलं.

होळीनंतरच्या रविवारी गेले. आसपासचं सगळं करडं, आणि मधे कुसुम पेटल्यासारखा लाल. थंड देशांत पान मरताना हरितद्रव्य ओसरतं, मग पिवळा उघडा पडतो आणि काही झाडं लाल रंग नव्याने बनवतात. इथे तोच लाल, अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, कोवळ्या पानांत असतो. म्हणजे मी जो रंग शरदात शोधत होते तो आमच्या डोंगरावर चैत्राच्या तोंडाशी येतो.

उन्हाकडे तोंड करून, झाडाच्या सावलीच्या बाजूने उभी राहिले. मागून आलेल्या उजेडात एकेक पान काचेसारखं झालं, शिरा मोजता येतील इतकं. ऊन लेन्समध्ये शिरू नये म्हणून डाव्या हाताने टोपी धरली होती. चाळीस फोटो काढले, सात ठेवले. पुढच्या रविवारी परत गेले तर खालच्या फांद्यांवर हिरवा चढायला लागला होता. ओढ्याकाठच्या ज्या दगडाशेजारी ट्रायपॉड लावला होता त्याची खूण वहीत लिहून ठेवली आहे. जूनमध्ये ओढा वाहायला लागला की तिथूनच, त्याच ८५ मिलिमीटरला, पुन्हा काढणार आहे.