पॅरा-झायलीनने माझे तीन आठवडे खाल्ले

पीएचडीचं पहिलं काम म्हणून सरांनी दिलेलं वाक्य अजून आठवतंय, "चार लिक्विडं आहेत, डेन्सिटी काढायची, दीड महिन्यात होईल." टोल्युईन, म्हणजे एक मिथाइल गट लागलेलं बेंझीनचं कडं, आणि दोन मिथाइल लागलेली तिन्ही झायलीन, ऑर्थो, मेटा, पॅरा; फरक फक्त मिथाइलांच्या जागेचा. 25 पासून 100 अंशांपर्यंत आणि प्रेशर 65 मेगापास्कलपर्यंत, म्हणजे साधारण साडेसहाशे बार. कशाला लागतं तर डिझेलमध्ये अॅरोमॅटिक्स, म्हणजे अशीच बेंझीनच्या कड्याची संयुगं, असतात आणि कॉमन रेल इंजिनात इंधन 2000 बारपर्यंत दाबलं जातं, तिथे घनता बदलली की आत जाणाऱ्या इंधनाचा हिशोबच बदलतो.

एवढ्या प्रेशरमध्ये कोणी वजन करत बसत नाही. मशीनमध्ये यू आकाराची बारीक धातूची नळी असते, ती सतत थरथरत असते, आत जड लिक्विड भरलं की थरथर मंदावते. एका थरथरीला लागणारा वेळ मोजायचा, त्याचा वर्ग घनतेच्या सरळ प्रमाणात वाढतो, झालं. पण नळी स्वतःपण प्रेशरने फुगते आणि तापली की मऊ पडते, त्यामुळे प्रत्येक तापमानाला आणि प्रत्येक प्रेशरला पाणी भरून कॅलिब्रेशन करावं लागतं, शिवाय एकदा व्हॅक्यूम. यातच एक महिना गेला, सरांचा दीड महिना तिथेच संपत आला.

टोल्युईन मात्र गुणी बाळ. 25 अंशांना साध्या हवेच्या दाबाला 862 किलो प्रति घनमीटर यायला पाहिजे, पहिल्या दिवशी 859 आलं आणि माझं तोंड पडलं. गंमत म्हणजे प्रेशर वाढवलं की आकडा बरोबर यायचा! मग कळलं की आत हवेचा बुडबुडा होता, प्रेशरने तो चेपला जायचा आणि मग विरघळून जायचा. त्यानंतर प्रत्येक सॅम्पल अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवून हवा काढूनच भरायला लागले. 50 मेगापास्कलला घनता जेमतेम चार टक्के वाढते, आणि या चार टक्क्यांसाठी सगळा खटाटोप.

खरा छळ पॅराने केला. 25 अंशांना 30 मेगापास्कलपर्यंत सगळं छान, 40 ला नेलं की रीडिंग स्थिरच होईना, शेवटचे आकडे नाचायचे. वाईट हे की कधीकधी 40 ला पण नीट यायचं! म्हणजे दोन दिवस नीट, तिसऱ्या दिवशी परत नाच. मी फेरूल, म्हणजे नळीच्या जोडातल्या बारीक रिंगा, बदलले, वॉल्वचं पॅकिंग बदललं, हँड पंप उघडून परत जोडला, कुठेही लीक नाही. शेजारच्या लॅबमधला सीनियर म्हणाला, "अगं सॅम्पलमध्ये पाणी असेल," म्हणून मॉलेक्युलर सीव्हवर, म्हणजे पाणी शोषणाऱ्या खड्यांवर, वाळवलं, तरी तेच.

डिसेंबरातल्या एका सकाळी लवकर गेले तर खिडकीपाशी ठेवलेली पॅराची बाटली अर्धी पांढरी, घरच्या खोबरेल तेलाच्या बाटलीसारखी. दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिले. पॅरा-झायलीन 13 अंशांच्या जरा वर गोठतं हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं की! दोन मिथाइल समोरासमोर, रेणू सुटसुटीत, विटांसारखा रचला जातो, म्हणून ऑर्थो उणे 25 आणि मेटा उणे 48 ला गोठत असताना हा इतक्या लवकर. आणि प्रेशर दिलं की गोठणबिंदू अजून वर चढतो, दर मेगापास्कलला साधारण अंशाचा एक तृतीयांश. हिशोब केला, 25 अंशांना 35 मेगापास्कलच्या आसपासच ते घट्ट व्हायला पाहिजे. ज्या दिवशी नीट रीडिंग यायचं त्या दिवशी लिक्विड नुसतं अडून बसलेलं असायचं, पहिला स्फटिक पडलेला नसायचा. लीक शोधत बसले होते मी!

मॉडेलिंगचं त्यामानाने लवकर उरकलं. प्रेशरने घनता किती वाढते हे सांगणारं टेट समीकरण, हे मूळचं एकोणिसाव्या शतकातलं, समुद्राचं पाणी किती दाबलं जातं यावरच्या कामातून आलेलं. त्यातले बी आणि सी हे दोन आकडे एकमेकांना सांभाळून घेतात, एक वाढवला की दुसरा वाढतो आणि रेघ तशीच दिसते, म्हणून मी सी सगळ्या तापमानांना एकच धरला. घनता चौथ्या आकड्यापर्यंत बसली तरी त्यावरून दाबनीयता, म्हणजे लिक्विड किती दाबलं जातं ते, काढताना चूक मोठी होते, कारण तिथे रेघेचा उतार लागतो. घनतेसाठीची दुसरी दोन मॉडेलं पण लावून बघितली: पेंग-रॉबिन्सन तर उच्च दाबाला सरळ हात वर करतं, पीसी-सॅफ्ट बरंच बरं.

पॅराच्या 25 अंशांच्या ओळीत 30 मेगापास्कलच्या पुढचे रकाने रिकामे ठेवले, 40 अंशांपासून पूर्ण 65 मेगापास्कलपर्यंत मोजलं. 25 अंशांना नशिबाने नीट आलेल्या त्या 40 मेगापास्कलच्या रीडिंगचा मोह झाला होता, सर म्हणाले टाकू नकोस, नाही टाकलं. आता पुढची बाटली बेंझीनची आलीये. ते साडेपाच अंशांना गोठतं, म्हणजे 25 ला साधारण 70 मेगापास्कलपर्यंत टिकेल आणि आमचं मशीन पण तिथेच संपतं. सरांना 20 अंशांची ओळ पण पाहिजे होती, मी आधी कागदावर हिशोब करून दाखवला.