पहिलं किट आणि फेविक्विक

"फेविक्विक लाव, दोन मिनिटांत विमान तयार!"

ठाण्याच्या राम मारुती रोडवर आज एक बाबा लेकाला सांगत होते. लेकाच्या हातात स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लास्टिकचे सुटे भाग जोडून बनवायचं मॉडेल, बहुधा पहिलंच किट. ते वाक्य डोक्यातून जाईना.

फेविक्विकची वाफ कॉकपिटच्या पारदर्शक काचेवर बसते आणि काच धुरकट होते. काचेला साधा पांढरा फेविकॉल बरा. वाळला की दिसत नाही, जास्तीचा ओल्या कापसाने पुसता येतो.

बाकी सांध्यांना प्लास्टिक सिमेंट (मॉडेल जोडायचा खास द्रव). ते चिकटवत नाही, किटचं प्लास्टिक (पॉलिस्टायरीन) विरघळवून दोन भाग एकजीव करतं. भाग जुळवून धरायचे आणि पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा; ते आपोआप आत ओढलं जातं. बोट सांध्यावर असेल तर मात्र बोटाखाली शिरतं आणि पंखावर ठसा उमटतो. (पहिल्या किटवर तो असतोच!)

किटचे भाग प्लास्टिकच्या चौकटीला (फ्रेमला) जोडलेले येतात; ते फ्रेममधून पिळून तोडू नयेत. थोडं लांबून कापून उरलेलं टोक ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावं. फ्रेम आधी भांड्यांच्या साबणाने धुतलेली बरी, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही.

आणि ठाण्याच्या जुलैत स्प्रे कॅन नकोच. दमट हवेत रंगावर पांढरी झाक येते. ॲक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात ब्रशने द्यावेत, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन.

ठाणे-वाशीत पातळ सिमेंट ठेवणारं दुकान कुणाला माहीत आहे का?