दप्तर

३१ ऑगस्ट, रात्री

आज विमुक्त दिन. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली याच दिवशी रद्द झाला. सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर मात्र परवाचं ते दप्तर आहे.

वर्गातल्या एका मुलीचे सहलीचे दोनशे रुपये सापडेनात. वर्गात पंचेचाळीस दप्तरं, आणि मी आधी गेले ती शेवटच्या बाकावरच्या पारधी मुलाकडे. तो काही बोलला नाही. मी सांगायच्या आतच त्याने दप्तर बाकावर उपडं केलं. दोन वह्या, दोऱ्याने बांधलेली तुटकी पट्टी, मूठभर चिंचोके, फडक्यात अर्धी भाकरी. त्याला सवय होती, हे तेव्हा लक्षात आलं. पैसे तासाभराने त्या मुलीच्याच भूगोलाच्या पुस्तकात मिळाले. मधल्या सुट्टीत एक बाई म्हणाल्या, "तरी लक्ष ठेवा हो, रक्तातच असतं त्यांच्या." मी गप्प राहून चहा प्यायले.

हीच समजूत इंग्रजांनी १८७१ साली कायद्यात बसवली. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. १९११ नंतर मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, हजेरी घेतली, बाहेर जायला पास लावला, गिरण्यांत कामाला धाडलं. गुन्हा सिद्ध व्हायची गरज नव्हती, त्या जमातीत जन्म झाला की पुरे. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

जन्मतः काहीच येत नाही, असं मी म्हणणार नाही. माझ्या दोघी मुली एकाच घरात वाढल्या. थोरली पाळण्यातही शांत, धाकटी तेव्हापासून हट्टी. जुळ्यांच्या अभ्यासांतही माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकापैकी चाळीस-पन्नास टक्के आनुवंशिक निघतो. पण तो फरक माणसामाणसांतला. त्यावरून अख्ख्या जमातीची नियत ठरत नाही.

आणि दुसऱ्याची वस्तू घेऊ नये, हे कुणाला उपजत कळतं? चार वर्षांची असताना धाकटीने शेजारच्या काकूंची बांगडी फ्रॉकच्या खिशात घालून आणली होती. आम्ही हसलो, मग बोट धरून परत करायला नेलं. कुणी तिच्या रक्ताचा विषय काढला नाही. तिला शिकायला वेळ मिळाला.

माझा हात पहिल्यांदा त्या दप्तराकडे गेला, तो कुठून शिकला? कुणी धडा दिला नव्हता. लहानपणी गावाबाहेर पालं पडली की आजी परड्यातल्या कोंबड्या आत घ्यायची आणि आम्हाला दाराची कडी लावायला सांगायची. कडी लावणारी मी होते.

उद्या पहिल्या तासाला, सगळ्या वर्गासमोर, त्याची माफी मागायची आहे. झडती सगळ्यांच्या देखत घेतली होती.