मोठी कॉइल लावली आणि दंड भरून आला

इंग्लंडात आल्यावर मेटल डिटेक्टरचं वेड लागलं आणि मला वाटलं कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीतला धातू हुडकणारी गोल चकती) जेवढी मोठी तेवढा माल जास्त, म्हणून ११ इंची काढून सरळ १५ इंची लावली. गहू कापलेल्या रानात दोन तास फिरवली तर दंड असा भरून आला की रात्री चहाचा कप उचलवेना. मोठी कॉइल खोल बघते हे खरंय, पण मोठ्या वस्तूंसाठी, चिमुकलं चांदीचं नाणं तिला तेवढं जाणवत नाही, शिवाय जमिनीतली खनिजंही जास्त पकडते आणि उगाच कुरकुरत बसते.

जुन्या फार्महाऊसजवळ तर नुसते खिळेच खिळे, तिथे ६ इंची लावली. खिळा आणि नाणं वीतभर अंतरावर असले तरी आवाज वेगवेगळे, एक खर्रर्र, एक टिंग! निघालं काय तर व्हिक्टोरियाच्या काळातली झिजलेली पेनी, पण मी जाम खूश. फक्त एका फेरीत तपासला जाणारा पट्टा अरुंद, त्यामुळे शेत संपता संपत नाही. (शेतमालकाची परवानगी आधी घ्यायची हां.)

१५ इंची सध्या कपाटावर पडलीये, बायको विचारते त्यावर पापड वाळत घालू का.