टॅक्स माफीची स्लाइड आणि सबस्टेशनचा लॉग

परदेशी कंपन्यांना प्लांटसाठी जागा शोधून द्यायचं काम करतो मी, साइट व्हिजिट नेहमीच्याच, पण एक व्हिजिट डोक्यातून जात नाही. कंपनी इलेक्ट्रॉनिक पार्ट्सची, आणि विकसनशील देशातल्या एका मागे राहिलेल्या प्रांताने जय्यत तयारी केलेली, टॅक्स माफ, जमीन जवळपास फुकट, अख्खं प्रेझेंटेशन त्याच्यावरच. कंपनीच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मागितला काय तर सबस्टेशनचा वर्षभराचा लॉग, म्हणजे वीज कधी गेली, व्होल्टेज कधी पडलं याची नोंद. व्होल्टेज क्षणभर पडलं तरी त्यांची चालू बॅच भंगारात जाते ना!

मग म्हणाल्या, इथे आधीपासून जो परदेशी कारखाना आहे त्याच्या मॅनेजरशी बोलायचंय, सरकारी माणसं सोबत नकोत. तो मॅनेजर मोकळेपणाने बोलला. वीज आता ठीक आहे म्हणाला, कामगार चांगले आहेत, पण एक्स्पोर्टच्या मालावर भरलेल्या टॅक्सचा रिफंड महिनोन्महिने अडकतो आणि कस्टम्सचं नवीन सर्क्युलर निघालं की समुद्रात असलेल्या मालालाही लावतात, म्हणून आम्ही दुसरी प्रॉडक्शन लाइन टाकायचं थांबवलंय. मला हे फार लागलं, कारण आहे त्या कंपनीने तिथला नफा तिथेच परत गुंतवला तर तोही एफडीआयमध्येच, म्हणजे थेट परकीय गुंतवणुकीतच मोजतात, म्हणजे प्रांताच्या हातातली गुंतवणूकच निसटत होती.

जागतिक बँकेने बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ७५४ अधिकाऱ्यांचा सर्व्हे केला होता, २०१७ मध्ये रिपोर्ट आला, त्यातही राजकीय स्थैर्य आणि कायदे-नियम हे कमी टॅक्सच्या वर होते. चिप बनवणाऱ्या इंटेलने १९९६ मध्ये प्लांटसाठी कोस्टा रिका निवडलं तेव्हा ब्राझील, मेक्सिकोसारखे मोठे देश शर्यतीत होते, तरी स्थिर सरकार, शिकलेली माणसं आणि टेक्निकल शिक्षण वाढवायची तयारी यामुळे त्या छोट्या देशाचं पारडं जड झालं. टॅक्स अगदीच बिनमहत्त्वाचा असं नाही, दोन जागा बाकी सगळ्यात सारख्या असतील तर तोही बघतात, पण त्या यादीत यायलाच आधी बाकीचं लागतं.

संध्याकाळी प्रांताच्या अधिकाऱ्याने विचारलं, सवलत अजून किती वाढवू? मी म्हटलं साहेब, सवलत राहू द्या, त्या कारखान्याचा रिफंड आधी सोडा. त्यांनी लगेच फाइल मागवली, रिफंड सुटलासुद्धा, पण मॅडमची कंपनी शेजारच्या देशात गेली, तिथे मजुरी जास्त असूनही.