तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्टच नाही, मग बघायचं काय?

मी प्रायोगिक फिल्म्स बघते, घरी चारजणांना बोलावून दाखवतेही, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, अगं यात गोष्टच नाही, मग बघायचं काय? मला उत्तर देताना स्टँडिश लॉडरच आठवतो.

हा अमेरिकन, जन्म १९३६ चा, येलला कलेचा इतिहास शिकवायचा आणि स्वतः फिल्म्सही करायचा. क्युबिस्ट, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून रंगवणारे चित्रकार, आणि सिनेमा यांच्या नात्यावर त्याचं १९७५ चं पुस्तक आहे, त्यात फर्नां लेजे या चित्रकाराच्या 'बाले मेकानिक' या फिल्मचा एकेक शॉट सुटा करून तपासलाय. आणि इकडे कॉफीच्या रिकाम्या डब्यातून घरीच फिल्म प्रिंटर, म्हणजे एका फिल्मवरून दुसरीवर छापायचं यंत्र, बनवून त्यावर काम करायचा! मला हे फार आवडतं, अभ्यास आणि हात एकाच माणसाचे.

त्याची 'नेक्रॉलॉजी' फक्त १२ मिनिटांची. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळ ऑफिसं सुटल्यावर सरकत्या जिन्यावरनं उतरणारी माणसं, कॅमेरा एका जागी, बस. पण त्यानं ते उलटं चालवलंय, त्यामुळे माणसं आपल्याकडे तोंड करून मागे मागे वर जातात आणि अंधारात नाहीशी होतात. नाव म्हणजे मृतांची यादी, आणि शेवटी खरंच नटांची द्यावी तशी लांबलचक नामावली. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला दादरचा पूल दिसला, सात वाजताचा, तेच दमलेले चेहरे, जे मी रोज बघते म्हणते पण खरं तर फक्त ढकलत पुढे जाते. चित्रासमोर थांबायची सवय असलेल्या माणसानंच त्या गर्दीसमोर असा कॅमेरा लावला असेल असं मला अगदी वाटतं.

आणि हे काही परदेशातच झालं असं नाही हं. आपल्या मुंबईतच चित्रकार तय्यब मेहतांनी १९७० मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी 'कूडल' ही फिल्म केली, त्यात वांद्र्याचा कत्तलखाना आहे, आणि त्यांच्या कॅनव्हासवरचा बैल ज्यांनी पाहिलाय त्यांना ती बघताना कोणी काही समजावून सांगावं लागत नाही.

परवा आईला 'नेक्रॉलॉजी' लावून दिली. पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "ही कडेची बाई बघ, हिला आता घरी जाऊन स्वयंपाक आहे." संपल्यावर म्हणाली, परत लाव, त्या बाईच्या मागे कोण होतं ते राहिलं बघायचं.